डावा प्रकाश, उजवा प्रकाश

शंखाचे वळण बहुधा एकाच बाजूचे असते. क्वचित् उलट वळणाचा शंख सापडतो आणि दक्षिणावर्त म्हणून देवघरात मानाने ठेवला जातो. आकारमान व रंग सारखे असूनही हे दोन शंख एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. एक दुसऱ्याची आरशातील प्रतिमा होय. असाच डावे-उजवेपणा प्रकाशातही आढळतो.

प्रकाशतरंगातील विद्युत् क्षेत्राची दिशा मळसूत्राप्रमाणे फिरत पुढे गेली, म्हणजे त्यास वर्तुळ-ध्रुवित प्रकाश म्हणतात. साध्या प्रकाशमापकास प्रकाशाची तीव्रता कळते, फिरण्याची बाजू कळत नाही. म्हणून त्यापुढे चतुर्थांश-तरंग पट्टिका व ध्रुवक बसवावे लागतात. अशी एकेरी पट्टिका ठराविक तरंगलांबीसाठीच अचूक ठरते. बंगळूरचे शास्त्रज्ञ पंचरत्नम् यांनी १९५५ मध्ये अनेक पट्टिका जुळवून ही मर्यादा सैल केली. तथापि उपकरणाचा पसारा कायमच राहिला.

मग मापकाचा पदार्थच डावा किंवा उजवा का असू नये? रेणूंतही हा भेद असतो. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका लवणाचे डावे व उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले होते. असे रेणू डावा व उजवा प्रकाश कमीअधिक प्रमाणात शोषतात. २०१३ मध्ये लंडन येथे हेलिसीन या सर्पिल रेणूच्या साह्याने वर्तुळ-ध्रुवित प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर बनविण्यात आला.

परंतु रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारच लहान असल्याने सुट्या रेणूंच्या शोषणातील हा फरक बहुधा हजारात एखाद्या भागाइतकाच असतो. येथे सच्छिद्र कार्बनी जालके उपयोगी पडू शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनी घटक सहसंयुजी बंधांनी जोडून स्फटिकी जालके तयार केली. त्यांतील छिद्रे सुमारे ०.७ ते २.७ नॅनोमीटर रुंदीची होती. अशा जालकाच्या विटा एकाच हाताच्या घेतल्या, तर त्या शिस्तीने रचल्या जातात, थरांना पीळ पडू शकतो आणि अनेक रेणूंचा अल्प परिणाम एकवटू शकतो. छिद्रांत ठेवलेल्या पाहुण्या रेणूंनाही चौकटीचे वळण लागते.

शोषलेल्या प्रकाशाने विद्युत् भार मोकळे होतात व प्रवाह वाहतो. मात्र प्रवाह कमी पडला, तर प्रकाश मंद आहे की विरुद्ध हाताचा, हे एका मापकावरून सांगता येत नाही. म्हणून डाव्या व उजव्या जालकांची जोडी ठेवून दोन्ही प्रवाहांची तुलना करावी लागते.

अडचणीही थोड्या नाहीत. ही जालके बहुधा न विरघळणाऱ्या भुकटीच्या रूपात मिळतात. त्यांचा एकसारखा पातळ थर देणे कठीण असते. पुष्कळ जालकांतून विद्युत् भार सहज वाहत नाहीत. हे साधले, तर औषधी रेणूंचा हात पारखणारी उपकरणे लहान व सुटसुटीत होऊ शकतील. ज्याला स्वतःला हात आहे, तोच प्रकाशाचा हात ओळखतो, हे तत्त्व या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे.