उल्हासकाठी वेस्टमिन्स्टर

'इंग्लंडमध्ये द्विपक्ष पद्धती आहे' हे वाक्य नागरिकशास्त्राच्या तासाला ज्यांनी पाठ केले आणि पुढे शिक्षक होऊन ज्यांनी ते इतरांकडून पाठ करून घेतले, त्यांची अलीकडे मोठीच पंचाईत झाली आहे. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली. मजूर पक्षाला मते पडली सुमारे ३४ टक्के आणि जागा मिळाल्या ६५० पैकी ४११. नायजेल फॅराज यांच्या रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मते मिळाली आणि जागा अवघ्या पाच. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मते त्याहून कमी, म्हणजे १२ टक्के. परंतु त्याचे खासदार झाले ७२. हे गणित त्रैराशिकाने सुटणारे नाही. ते फळ्यावर सोडवून दाखवावे, अशी मागणी एखाद्या विद्यार्थ्याने केलीच, तर गुरुजींनी तास संपल्याची घंटा होईपर्यंत खडू शोधत राहावे, हेच श्रेयस्कर.

पुस्तकातले दुसरे वाक्य असे, की ब्रिटिश राजकारण स्थैर्यासाठी प्रसिद्ध आहे. जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत डाउनिंग स्ट्रीटवरील दहा क्रमांकाच्या घरात पाच नवे पंतप्रधान राहावयास आले. त्यांपैकी लिझ ट्रस यांचा मुक्काम ४९ दिवसांचा होता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत एका लंडनच्या वृत्तपत्राने कोबीसारखी दिसणारी सॅलडची एक भाजी कॅमेऱ्यासमोर मांडून ठेवली आणि आधी कोण कोमेजते ते पाहा, असे वाचकांना सांगितले. भाजी जिंकली. या सर्व काळात त्या घरात एकच रहिवासी स्थिर राहिला. तो म्हणजे उंदीर पकडण्यासाठी २०११ मध्ये आणलेला लॅरी नावाचा बोका. त्याला निवडणूक लढवावी लागत नाही आणि पक्षही बदलावा लागत नाही. स्थैर्याचे रहस्य बहुधा यातच असावे.

साहेबांच्या देशातील हा गोंधळ पाहून मुंबई-पुण्याच्या विद्वानांनी खुशाल चकित व्हावे. कर्जत-खालापूरच्या माणसाला मात्र यात नवे काही वाटू नये. बोरघाट चढण्यापूर्वी अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने लावतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि घाट चढून लोणावळा आले की मागची सुटी होतात. आघाडी सरकार म्हणजे काय, याचे इतके सुबोध प्रात्यक्षिक जगातील कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही. फरक एवढाच, की रेल्वेत मागच्या इंजिनाने पुढच्या गाडीवर आपला हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही.

या भागाचा राजकीय भूगोलही मोठा गमतीचा आहे. कर्जत आणि खालापूर हे तालुके रायगड जिल्ह्यातले; जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग; परंतु २००९ पासून येथील मतदार लोकसभेसाठी मत देतो ते मावळ मतदारसंघात. म्हणजे आमदार घाटाखाली आणि खासदार निवडायचा तो घाटावरच्या पिंपरी-चिंचवडकरांच्या बरोबरीने. शिवाय महाराष्ट्रात कर्जत नावाचे विधानसभा मतदारसंघ दोन. निकालाच्या दिवशी 'कर्जतमध्ये चुरस' असे कोणी म्हणाले, की ही चुरस आपली की जामखेडकडची, हे आधी विचारून घ्यावे लागते.

आता माणसे पाहू. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत येथे राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश लाड निवडून आले. त्यांच्या विरोधात अगदी थोडक्या मतांनी हरले ते शेतकरी कामगार पक्षाचे महेंद्र थोरवे. २०१९ मध्ये थोरवे शिवसेनेकडून उभे राहिले आणि त्यांनी लाडांना हरविले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा महाडचे भरत गोगावले, अलिबागचे महेंद्र दळवी आणि कर्जतचे थोरवे असे रायगडमधील सेनेचे तिन्ही आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीही फुटली आणि तिचा अजित पवारांचा गट त्याच सरकारात येऊन बसला. अर्थात कर्जतमध्ये जे हाडवैरी होते, ते मुंबईत सोयरे झाले. परंतु मुंबईत ठरलेली सोयरीक कर्जतला मानवतेच असे नाही. २०२४ मध्ये ही जागा शिंदे यांच्या शिवसेनेला सुटली. तेव्हा मित्रपक्ष राष्ट्रवादीचे सुधाकर घारे अपक्ष म्हणून उभे राहिले. थोरवे यांच्या खालोखाल मते त्यांनाच पडली, आणि ठाकरे यांच्या शिवसेनेचे नितीन सावंत तिसरे आले. सत्ताधारी युतीचा उमेदवार पहिला, त्याच युतीतला बंडखोर दुसरा आणि अधिकृत विरोधक तिसरा! विजयी उमेदवाराच्या विरोधात पडलेली मते त्याच्या मतांहून अधिक, हा वेस्टमिन्स्टरचा नियम येथेही खरा ठरला. एवढे होऊन जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदी राष्ट्रवादीच्या आदिती तटकरे यांचे नाव जाहीर झाले, ते गोगावले यांच्या समर्थकांनी महामार्गावर उतरून हाणून पाडले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. जिल्हा पोरका झाला म्हणावे, तर पालक होण्यास उत्सुक मंडळी दोन होती!

नावाचा घोळ हा तर दोन्ही देशांना जोडणारा सेतूच आहे. १९९४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन भागात एक गृहस्थ 'लिटरल डेमोक्रॅट' अशी बिरुदावली लावून उभे राहिले. 'लिबरल' आणि 'लिटरल' यांतील एका अक्षराचा फरक घाईत कोणाच्या ध्यानात येणार? त्यांना १०,२०३ मते पडली आणि खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार ७०० मतांनी पडला. वीस वर्षांनी हाच प्रयोग आपल्या जिल्ह्यात झाला. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला मते मिळाली ९,८४९. डेव्हनच्या शेतकऱ्याला आपण अधिक सुशिक्षित समजत असू, तर तो गैरसमज आहे. अशा फसगतीनंतर ब्रिटनने १९९८ मध्ये पक्षांच्या नोंदणीचा कायदा करून मिळत्याजुळत्या नावांना आळा घातला. आपल्याकडे २०२४ मध्येही साताऱ्यात 'तुतारी वाजविणारा माणूस' आणि नुसती 'तुतारी' म्हणून छापलेली पिपाणी यांची गल्लत झाली. पराभव ३२,७७१ मतांनी झाला आणि पिपाणीने ३७,०६२ मते नेली.

येथवर हसून घ्यावे. परंतु दोन्हीकडच्या गोंधळात एक मूलभूत फरक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पक्षप्रतोदाला इंग्रजीत 'व्हिप' म्हणतात. हा शब्द इंग्रजांच्या शिकारीच्या मैदानातून आला. भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबूक दाखवून कळपात ठेवणारा तो हा माणूस. ब्रिटनमध्ये या चाबकाला कायद्याची धार नाही. विन्स्टन चर्चिल १९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून लिबरलांच्या बाकावर जाऊन बसले आणि वीस वर्षांनी परत आले. कोणी त्यांची खासदारकी काढून घेतली नाही. जाणारा खासदार जातो, पक्ष जागच्या जागी राहतो, आणि हिशेब पुढच्या निवडणुकीत मतदार करतो. रिफॉर्म पक्ष तर २०२५ च्या आरंभापर्यंत चक्क एक कंपनी होता आणि तिचे बहुसंख्य भाग फॅराज यांच्या नावावर होते. हा प्रकार हास्यास्पद खरा. पण पक्ष कोणाचा, हा प्रश्न तेथे निदान कोर्टात न्यावा लागत नव्हता.

आपण १९६७ च्या आयाराम-गयारामांना कंटाळून १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती केली आणि पक्षांतरबंदी आणली. एकटादुकटा फुटला तर त्याचे सभासदत्व जावे आणि एकतृतीयांश फुटले तर ती मान्य 'फूट' ठरावी, असा तो मूळ कायदा. म्हणजे किरकोळ विक्रीस बंदी, घाऊक व्यापारास परवाना. २००३ मध्ये एकतृतीयांशाची पळवाट बुजविली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. त्यावर आता नवी युक्ती निघाली. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्ही म्हणजेच पक्ष, असे म्हणायचे! मग चाबूक कोणाचा, हाच वादाचा विषय होतो. शिंदे गटाचे प्रतोद म्हणून आपल्याच महाडच्या गोगावले यांना दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी बेकायदा ठरविली. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी त्यांची नियुक्ती वैध ठरविली आणि दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र नाही, असा निवाडा दिला. हा निवाडा देणारे राहुल नार्वेकर शिवसेनेतून राष्ट्रवादीत जाऊन २०१४ मध्ये आपल्याच मावळमधून लोकसभेला पडले होते आणि पुढे भाजपचे आमदार झाले. पक्षांतराचा निवाडा करण्यास अनुभवी न्यायाधीश हवा, असे ज्यांना वाटते त्यांचे समाधान व्हावे.

या सर्वांत नुकसान कोणाचे झाले? पक्षाची नावे, चिन्हे, झेंडे यांची वाटणी आयोगाने केली, कोर्टाने तारखा दिल्या, मंत्रिपदे वाटली गेली. मताची वाटणी मात्र मतदाराला विचारून झाली नाही. २०१९ मध्ये कर्जतमध्ये ज्याने धनुष्यबाणावर शिक्का उमटविला आणि ज्याने घड्याळावर उमटविला, ते दोघे परस्परविरोधी कौल देत होते. चार वर्षांत दोन्ही कौल एकाच सरकारच्या खात्यावर जमा झाले.

या नुकसानीची खरी किंमत काय, हे खालापूर तालुक्याने पाहिले आहे. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादीतील फूट उघड झाली. त्यानंतरचे दिवस महाराष्ट्राने याद्या करण्यात घालविले. कोणाबरोबर किती आमदार, कोणाची प्रतिज्ञापत्रे किती, हा एकच हिशेब सर्वत्र चालला होता. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पायवाटेशिवाय रस्ता नसलेली ही ठाकरवाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा पत्ता लागला नाही आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. त्या यादीत इर्शाळवाडी फुटीमुळे राहून गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा याद्या वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षानेच अपुऱ्या राहतात, आणि त्या वर्षांत सर्वच पक्ष कधी ना कधी सत्तेवर होते. मुख्यमंत्री त्या दिवशी पावसात डोंगर चढून गेले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु कोणत्या यादीची काळजी आपले राजकारण डोळ्यांत तेल घालून घेते आणि कोणती यादी अपुरी राहिली तरी चालते, हे त्या पंधरवड्यात जितके स्वच्छ दिसले तितके क्वचितच दिसते.

संसदीय पद्धती आपण इंग्रजांकडून घेतली. पण मताचा अधिकार त्यांनी खुशीने दिलेला नाही. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या मुलखातील मतदाराने आपल्या मताचे पुढे काय झाले, एवढे विचारणे हा काही उद्धटपणा नव्हे. उमेदवार दारी येतो, तेव्हा आपण त्याचा पक्ष विचारतो. तो प्रश्न आता निरुपयोगी झाला आहे, कारण त्याचे उत्तर मतमोजणीपर्यंतसुद्धा टिकेल याची शाश्वती नाही. त्यापेक्षा शिक्षकांनी, कारकुनांनी आणि कॉलेजातल्या मुलांनी आपल्या गावापुरती एक वही घालावी. कोणत्या वाडीला रस्ता नाही, कोणत्या वाडीला उन्हाळ्यात पाणी नाही, कोणती वाडी दरडीखाली आहे, हे तीत लिहावे. आणि ती उमेदवारापुढे ठेवून त्याची सही घ्यावी. पक्ष बदलला तरी सही बदलत नाही. पाच वर्षांनी तोच गृहस्थ नव्या झेंड्यासह आला, तर वही जुनीच काढावी.