घरातलं रसायनशास्त्र : लेखांक ४ – हळद लाल का होते?

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली की पिवळा डाग पडतो. त्यावर धुण्याचा साबण घासला की तोच डाग तांबडा होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. हे मुलांच्या डोळ्यांदेखत घडत असतं. गेल्या आठवड्यातल्या सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीपेक्षा मला हा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. ज्वालामुखी फसफसतो, मुलं टाळ्या पिटतात, खेळ संपतो. इथे मात्र एकेक थेंब टाकताना मुलाला विचार करावा लागतो.

चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा. कागद सावलीतच वाळवा, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. वाळल्यावर पट्ट्या कापा. चार वाट्यांत साधं पाणी, साबणाचं पाणी, लिंबाचा रस आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी घ्या. थेंब टाकण्याआधी प्रत्येक वेळी मुलाला विचारा, काय होईल?

साध्या पाण्याची वाटी गाळू नका. ती नसेल तर एखादी चिमुरडी म्हणेल, ‘कागद भिजला म्हणून लाल झाला.’ शंका रास्तच आहे, आणि तिचं उत्तर त्या वाटीतच आहे.

साबण कपडे धुण्याच्या वडीचा घ्या. भांड्यांच्या लिक्विडने किंवा शांपूने बहुधा काहीच होणार नाही. तेही करून बघू द्या. ‘सगळे साबण सारखे नसतात’ हा शोध मुलाला स्वतःला लागायला हवा. खाण्याचा सोडाही गोंधळात टाकेल. त्याच्या पाण्याचा सामू (pH) ८.३ च्या आसपास असतो आणि हळद साधारण तिथेच रंग बदलू लागते, त्यामुळे जेमतेम तांबूस झाक आली तर आली.

आता लाल पट्टीवर लिंबू पिळा. पट्टी पिवळी! हळदीतलं कुर्कुमिन साबणासारख्या आम्लारीत आपला हायड्रोजन सोडतं, मग त्याचा रेणू वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबातलं आम्ल तो हायड्रोजन परत देतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सांगायची घाई नको. लाल-पिवळा खेळ त्याला मनसोक्त खेळू द्या. अशा रंग बदलणाऱ्या पदार्थासाठीचा ‘दर्शक’ हा शब्द शाळेत भेटेलच.

हळदीचं कुंकू करतात तेही चुना किंवा टाकणखार घालूनच. पण चुना मुलांच्या हाती मुळीच देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. साबणाचं पाणी डोळ्यात उडालं, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवर पुस्तक लिहिलं. त्यात व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवा होतो, अशी नोंद आहे. आपल्याकडे त्या कामाला जास्वंद आहे. पुढच्या लेखांकासाठी लाल जास्वंदीची चार-पाच फुलं जमवून ठेवा. पाकळ्या गरम पाण्यात भिजवायच्या आहेत. ते काम मात्र मोठ्यांचं.