‘तुमच्या पोथीतबी इटाळ हायच की!’
बायबलचे वाचन आणि आपली गृहीतके

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद असे होते. बालाघाटाच्या रांगेतील आमच्या गावी, मांगवाड्यातील एका ख्रिस्ती कुटुंबात नातू जन्मला म्हणून घरप्रार्थना ठेवली होती. आम्ही शेजारी. आमच्या घराने १९५६ नंतर बुद्धधम्म स्वीकारलेला. पण सुखदुःखाला एकमेकांच्या दारात जाण्याची रीत वस्तीने कधी मोडली नाही. मी गेलो, माझी थोरली आत्याही आली.

बाहेरगावाहून आलेल्या पास्टरांनी लूककृत शुभवर्तमानातला उतारा वाचला. बाळंतपणानंतर शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरिया मुलाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेली, असा तो प्रसंग आहे. मग त्याचा आधार म्हणून त्यांनी लेवीय पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा गोषवारा सांगितला. मुलगा झाल्यास आई सात दिवस अशुद्ध, पुढे तेहेतीस दिवस पवित्र वस्तूला शिवायचे नाही; मुलगी झाल्यास हे दिवस दुप्पट. आत्या ऐकत होती. सात बाळंतपणे तिने कोपऱ्यात बसून काढलेली. ती मध्येच म्हणाली, “पास्टरसायब, तुमच्या पोथीतबी इटाळ हायच की! मग गावातला इटाळ सोडून तुमी गेलाव कुटं?”

पास्टर म्हणाले, “आत्याबाई, तो जुना नियम. प्रभूने तो रद्द केला.” माझ्याबरोबर चळवळीतला एक तरुण होता. परत येताना तो म्हणाला, “सगळे धर्मग्रंथ सारखेच. वाचायचे कशाला?” दोन्ही उत्तरांनी माझे समाधान झाले नाही. एकाने पुस्तक न उघडता निर्दोष ठरविले, दुसऱ्याने न उघडता दोषी. आत्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मी ख्रिस्ती नाही. मला हिब्रू किंवा ग्रीक येत नाही. परंतु मी शिक्षक आहे, आणि ग्रंथ कसा वाचावा हा प्रश्न माझा आहे. वस्तीतला एक मुलगा ईश्वरविद्येच्या शिक्षणासाठी गेला होता. सुटीत तो आला की आम्ही दोघे मराठी बायबलच्या दोन-तीन आवृत्त्या व काही टीकाग्रंथ शेजारीशेजारी ठेवून बसत असू. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट शब्दाची. ‘अशुद्ध’ हा शब्द मराठी कानावर पडला की त्यामागोमाग आपला सारा गाव उभा राहतो. वेशीबाहेरची वस्ती, वरून पाणी वाढणे, सावलीचा विटाळ. लेवीय पुस्तकातील मूळ हिब्रू शब्द ‘तामे’ हा आहे, आणि त्याच्यामागे हा गाव नाही. तेथील अशुद्धता एक अवस्था आहे. ती कोणालाही येते आणि ठरलेल्या मुदतीनंतर जाते. बाळंतिणीला येते तशी पुरुषाला वीर्यस्खलनानेही येते. त्याने स्नान करावे, संध्याकाळपर्यंत तो अशुद्ध. प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध, मग तो कोणत्याही घराण्याचा असो. गणना पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर असे आहे की, इतरांना शुद्ध करणारी राख जो तयार करतो व जो गोळा करतो, ते स्वतःच संध्याकाळपर्यंत अशुद्ध ठरतात.

आता मेलेल्या जनावराचे पाहू. लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो की, मेलेल्या जनावराला जो शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध, आणि जो ते उचलून नेईल त्याने कपडे धुवावेत, तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. येथे मी थांबलो. कारण हे काम कोणत्या जातीने करायचे हे तेथे सांगितलेलेच नाही. ज्याचे जनावर मेले किंवा ज्याच्यावर वेळ आली, तो ओढील, धुईल, आणि दिवस मावळला की सर्वांसारखा होईल. आमच्याकडे हेच काम एका समाजाच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधले, त्याला वतनाचे नाव दिले, आणि ते करतो म्हणून त्याच्या नातवाच्या सावलीलाही विटाळ मानले. याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली व तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. वतन म्हणजे काय हे आमच्या वाडवडिलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हा भेद बाबासाहेबांनी स्वतः स्पष्ट केलेला आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी इतर प्राचीन समाजांतील विटाळाच्या कल्पना तपासल्या आहेत. जन्म, मृत्यू, रजोदर्शन यांचा विटाळ जगात अनेक ठिकाणी मानला जात होता. परंतु तो व्यक्तीपुरता व तात्पुरता होता. एका अख्ख्या समाजाला जन्मतः आणि कायमचे अस्पृश्य ठरविणे ही निराळी गोष्ट आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा लेवीय वाचून ‘इथेही अस्पृश्यता आहे’ म्हणणे हा आपला गाव त्या पुस्तकावर लादणे होय.

पण म्हणून बायबलची वकिली करण्याचे कारण नाही. संदर्भ पाहणे म्हणजे पांघरूण घालणे नव्हे. मुलगी झाली की आईचे दिवस दुप्पट का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही. पुरोहितपण तेथेही अहरोनाच्या वंशातच चालते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परकीय गुलाम मुलाबाळांना वारशाने देण्याची मुभा आहे. आणि यहोशवाच्या नवव्या अध्यायातील गिबोनी लोकांची कथा तर आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावी. त्यांना जिवंत ठेवले, परंतु कायमचे लाकूडतोडे व पाणके करून. पिढीजात हलके काम लादण्याचा हा प्रकार वतनाच्या फार जवळ येतो. म्हणजे विटाळाच्या अध्यायात आपण जे शोधतो ते तेथे नाही, आणि जेथे आपण पाहत नाही तेथे ते निघते. गृहीतक धरून वाचले की दोन्हीकडून फसगत होते.

दुसरे उदाहरण विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचे. योहानाच्या चौथ्या अध्यायातील ही कथा आमच्या वस्तीत फार आवडीची. पाणी, विहीर आणि तुच्छ लेखलेली बाई एवढे ऐकले की आपल्याला २० मार्च १९२७ चा महाड आठवतो. मीही ती तशीच वाचत असे. नीट वाचल्यावर दिसले की चित्र उलटे आहे. विहीर शोमरोन्यांच्या मुलखात आहे. बाईला तेथे कोणी अडविलेले नाही. उपरा आहे तो येशू. विहीर खोल आहे आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो, म्हणजे तिच्या भांड्यातून पिण्यास तयार होतो. त्याच ठिकाणी, यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नाहीत, अशा अर्थाचा खुलासा आहे. पण त्याच वेळी त्याचे शिष्य शोमरोन्यांच्या गावात अन्न विकत घ्यायला गेलेले आहेत! मग ‘संबंध ठेवीत नाहीत’ याचा अर्थ काय? मूळ ग्रीक क्रियापदाचा ‘एकत्र वापरणे’ असाही अर्थ होतो, आणि काही अभ्यासक येथे ‘एका भांड्यात खातपीत नाहीत’ असा अर्थ घेतात. विकत घेणे चालते, भांडे चालत नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. येथे आपला अनुभव मजकूर उलगडायला मदत करतो.

परंतु साम्य येथेच संपते. यहूदी आणि शोमरोनी हे एकाच परंपरेवर हक्क सांगणारे दोन प्रतिस्पर्धी समाज होते. शोमरोन्यांचा गरिज्जीम डोंगर वेगळा, त्यांचा पंचग्रंथ वेगळा. त्यांचे तेथील मंदिर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी सत्ताधीश योहान हिर्कानस याने पाडले. वैर दोन्ही बाजूंचे होते; लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांचे गाव येशूलाच थारा देत नाही. आमच्या गावात मात्र नकार देण्याचा अधिकार एकाच बाजूला होता.

त्याच स्त्रीचे पाच नवरे झाले म्हणून प्रवचनांतून तिला सर्रास बदफैली ठरवितात. मजकुरात तसे कोठेही म्हटलेले नाही. त्या कायद्यात काडीमोड देण्याचा अधिकार मुख्यतः पुरुषाचा. वैधव्य तर कोणालाही येई. पाच वेळा ती विधवा झाली, की टाकली गेली, हे कथा सांगत नाही. तिच्यावरचा कलंक वाचणाऱ्यांनी लावला आहे. गरीब बाईच्या चारित्र्याविषयी गाव किती सहज निकाल देते, हे आपल्याला ठाऊक असताना तरी आपण त्यात सामील होऊ नये.

याला लागूनच आपल्याकडील एक आवडते समीकरण आहे. यहूदी म्हणजे ब्राह्मण, परूशी म्हणजे भटजी, आणि येशू म्हणजे आपला. भाषणात ते टाळ्या घेते, पण ते खरे नाही. येशू यहूदी होता, त्याचे शिष्य यहूदी होते, आणि सारा यहूदी समाज रोमन साम्राज्याच्या टाचेखाली होता. ‘यहूदी म्हणजे दुष्ट’ या वाचनाने युरोपात शतकानुशतके काय घडविले हे जगाने पाहिले आहे. ज्यांना जन्मावरून दोषी ठरविले गेले, त्यांनी दुसऱ्या समाजाला जन्मावरून दोषी ठरवावे, हे मला पटत नाही.

आता भाषांतराविषयी थोडे. मराठी नवा करार श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८११ साली निघाला. तेव्हापासून भाषांतरकारांपुढे अडचण एकच होती. मराठीतील धार्मिक शब्द कोणाच्या घरून आणायचे? ‘दास’ हा शब्द घ्या. ग्रीक ‘डूलॉस’ म्हणजे बाजारात विकला जाणारा गुलाम. फिलिप्पैकरांच्या पत्रात ख्रिस्ताने ‘डूलॉस’चे रूप घेतले असे पौल म्हणतो. मराठीत ‘दास’ म्हटले की रामदास, हरिदास आठवतात. माणूस विकला जातो हे आठवत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा शब्द मथळ्यावर घातला आणि तो ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ‘दास्यभाव’ म्हणून त्यांनी विषय गोड केला नाही. पंडिता रमाबाईंनाही ही अडचण जाणवली असली पाहिजे. हिब्रू व ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळावे अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते ग्रंथरूपाने बाहेर आले.

मग आपल्या अनुभवातून वाचायचेच नाही काय? तसे नाही. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तेव्हा अनुवाद पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील कबुली आधाराला घेतली. आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात त्याचा छळ झाला, तेथून सुटका झाली, अशी ती कबुली आहे. निर्मळांनी तीत आपल्या पूर्वजांची कथा पाहिली. परंतु त्याच दमात फरकही सांगितला. माझ्या दलित पूर्वजाला त्या भटक्याचे हिंडण्याचे स्वातंत्र्यसुद्धा नव्हते, असा त्यांचा आशय होता. साम्य पाहावे आणि फरक लपवू नये, ही रीत मला योग्य वाटते.

पुढच्या सुटीत मी आत्याला मेलेल्या जनावराचा तो अध्याय समजावून सांगितला. म्हटले, “तिथं ढोर ओढलेला माणूस सांज झाली की पुन्हा सगळ्यांसारखा.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग आपली सांज का झाली न्हाई रं?”

याचे उत्तर लेवीय पुस्तकात नाही. ते आपल्या गावाच्या इतिहासात शोधावे लागेल, आणि चर्चच्याही. कारण धर्मांतरानंतरही पंगती आणि सोयरिकी जातीनेच चालल्या, ही तक्रार ख्रिस्ती दलित स्वतःच करीत आले आहेत. धर्मांतरिताची सामाजिक स्थिती खरोखर किती बदलली, हा प्रश्न बाबासाहेबांनीही विचारून ठेवला आहे. ‘प्रभूने रद्द केले’ एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. माझी शिक्षक-विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती आहे की, बायबल असो, त्रिपिटक असो की मनुस्मृती, कोणी पान वाचून दाखविले की आधी विचारावे : हा शब्द तेव्हा कोणासाठी होता, त्याची मुदत किती होती, आणि ते काम प्रत्यक्षात कोणाच्या अंगावर पडत होते? आत्याला अक्षरओळख नव्हती, पण तिचा पहिला प्रश्न याच जातीचा होता.