हळदीतला रेणू मेंदूपर्यंत पोचतो का?

चिमूटभर हळदीत चुन्याची निवळी पडली की पिवळा रंग बघता बघता लाल होतो. जुन्या पद्धतीचे कुंकू याच गुणावर बनते. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत संक्रांतीला हळदीकुंकू होते, तेव्हा असे कुंकू असेल तर दोन्ही करंड्यांत मुळात एकच रेणू असतो: कर्क्युमिन. क्षाराशी गाठ पडली की तो आपला हायड्रोजन सोडतो आणि प्रकाशाचा वेगळाच भाग शोषू लागतो. बोटाला लागलेला हा रंग साबणानेही लवकर जात नाही.

रंगात इतका चिवट असलेला हा रेणू आता कॅप्सूलमधून विकला जातो. उतारवयात विसराळूपणा वाढू नये, मन उदास होऊ नये म्हणून. त्यामागचा तर्क ऐकण्यासारखा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन तो घेतो सुमारे 20 टक्के. एवढा ऑक्सिजन वापरताना काही रेणू एक इलेक्ट्रॉन कमी घेऊनच बाहेर पडतात आणि तो दिसेल तिथून ओढतात. मेंदूत स्निग्ध पदार्थ भरपूर, त्यामुळे नुकसानही तिथे सहज होते. कर्क्युमिनसारखे अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन ही ओढाताण थांबवतात. निदान परीक्षानळीत तरी.

आपल्या वर्धा जिल्ह्याला याचे अप्रूप वाटायलाच हवे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची ख्याती आहे ती कर्क्युमिनच्या सुमारे 6 टक्के प्रमाणासाठी. म्हणजे 3 ग्रॅम हळदीत, साधारण एका चहाच्या चमच्यात, 180 मिलिग्रॅम कर्क्युमिन. हा आकडा लक्षात ठेवा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 51 ते 84 वर्षांच्या 40 जणांवर 18 महिने एक प्रयोग झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश कुणालाच नव्हता. काहींना रोज दोनदा 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत सुधारली, मनःस्थितीही थोडी बरी दिसली. रोजचे कर्क्युमिन किती? 180 मिलिग्रॅमच!

मग एक चमचा हळद पुरे? नाही. प्रयोगातले कर्क्युमिन रक्तात शिरावे म्हणून मुद्दाम घडवलेले होते. आपल्या हळदीतले तसे नसते. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडे आतड्यातून पलीकडे जाते त्याला यकृत लगेच साखरेसारखा एक रेणू जोडून बाहेरची वाट दाखवते. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन नुसते दिले, तेव्हा रक्तात त्याचा जवळजवळ मागमूस लागला नाही. सोबत मिऱ्यातले 20 मिलिग्रॅम पायपरिन दिले आणि शोषण 2000 टक्क्यांनी वाढले. मिरे यकृताचा हात काही काळ धरून ठेवते. मला या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

पण 40 माणसे म्हणजे फार थोडी. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी 96 जणांना वर्षभर रोज 1500 मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिन किंवा निष्क्रिय गोळी दिली. 2016 च्या त्या अहवालात वर्षअखेर बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक दिसला नाही. इतर अँटिऑक्सिडंटचेही असेच आहे. अमेरिकेत साडेसात हजारांहून अधिक वयस्क पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम वर्षानुवर्षे तपासले गेले. स्मृतिभ्रंश त्याने टळला नाही. यात एक कारण असे असू शकते की ते इलेक्ट्रॉन ओढणारे रेणू निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, पेशी एकमेकींना निरोपही त्यांच्यातून देतात. त्यांना सरसकट विझवणे शरीराच्या हिताचे असेलच असे नाही.

शोषण वाढवण्याचीही किंमत असते. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची नोंद एका शोधगटाने केली. त्यातल्या 7 जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली आणि एक रुग्ण दगावला. काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्कही निघाला. म्हणून घरातल्या आजीआजोबांना रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधे चालू असतील, तर कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावेच. वरणातल्या चिमूटभर हळदीला ही भीती लावू नये. तिथले प्रमाण फारच कमी असते.

आता राहतो तो रक्तात न शिरलेला, आतड्यातच थांबलेला बहुतांश भाग. तो वाया जातो असे मानले जाई. 2011 मध्ये जपानी संशोधकांना माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत कर्क्युमिनचे रूपांतर करणारे एक विकर सापडले. म्हणजे आपण पचवू न शकलेली हळद आतले जिवाणू पचवत असतात. आतड्यातून मेंदूकडे मज्जातंतूंनी आणि रसायनांनी सतत निरोप जात असतात, तेव्हा हळदीचा मनावर काही परिणाम होत असेल तर तो रक्तातून न जाता या जिवाणूंमार्फत होतो का, याचा शोध आता सुरू आहे.