द्राक्षाला गारवा मिळतो, पोराच्या इन्सुलिनला का नाही?

शेतकरी बांधवांनो, निफाड-दिंडोरीचं द्राक्ष परदेशी निघालं की आधी प्री-कूलिंगला जातं. गारव्याची किंमत तुम्हाला सांगायला नको. आज तोच गारवा आपल्याच पोरांसाठी मागायचा आहे.

साखरेचा आजार म्हाताऱ्यांचा, असं आपण समजतो. पण ‘टाइप १’ मधुमेह लहान मुलांनाही होतो. त्यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ बंद पडतं. गोड खाण्याने तो होत नाही. आईबापाचा त्यात दोष नाही. पोर सारखं पाणी मागतं, रात्री अंथरूण ओलं करतं, खाऊनही वाळत जातं. असं दिसलं तर अंगारे-धुपारे करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात रक्तातली साखर तपासा. उशीर जिवावर बेततो.

१९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. आता दंडावर चिकटवायचा सेन्सर आला आहे. साखर उतरली की आईच्या मोबाइलवर घंटी वाजते. पण चौदा दिवस चालणाऱ्या सेन्सरला काही हजार रुपये पडतात, इन्सुलिन पंपाची किंमत तर लाखांत. नाशिक शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला ते परवडतं. समजा, तोच आजार सुरगाण्याच्या पाड्यावरल्या मजुराच्या पोरीला झाला, तर? सेन्सर राहू द्या, घरात फ्रिजही नसतो. दिवसातून चार वेळा साखर बघायची, तर महिन्याला १२० पट्ट्या लागतात. मजुरीतून त्या कशा घ्यायच्या?

पोलिओची लस बर्फाच्या डब्यातून पाड्यापाड्यावर पोचली. न उघडलेलं इन्सुलिनही २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. म्हणजे हे काम आपल्याला अशक्य नाही.

सेन्सर सर्वांना मिळेल तेव्हा मिळेल. तोवर एवढं करा. ज्याच्या घरी फ्रिज आहे, त्याने शेजारच्या पोराच्या बाटलीला जागा द्यावी. मात्र बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरातली बाटली उन्हाळ्यात ओल्या माठात, पाणी शिरणार नाही अशा डबीत ठेवावी. गुरुजींनीही ध्यानात घ्यावं : घाम, थरथर, चक्कर दिसली आणि मूल शुद्धीवर असलं, तर लगेच साखर द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके पेसात आहेत. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळू लागला, आणि आरोग्य हा त्यातला खर्चाचा एक विषय आहे. गावात असं मूल असेल, तर ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि सामाईक फ्रिज यांचा विषय ग्रामसभेत घ्या. आशाताईंना विचारा, असं मूल आहे का. नाव चव्हाट्यावर न आणता सोय करा.

येत्या ग्रामसभेत रस्ता-गटाराबरोबर हाही विषय निघू द्या.