मुक्या जिवांची फिर्याद

मुक्या जनावराचा छळ करणे हा गुन्हा आहे, हे आपण सारेच जाणतो. पण तो कोणी केला, कोठे केला आणि पूर्वी कितीदा केला होता, हे कोण सांगणार? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वाचा नाही, आणि ज्याची नोंद नाही तो गुन्हा सरकारी दप्तराच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. ही उणीव भरून काढण्याचा अमेरिकेत जो प्रयत्न झाला, त्याची थोडी ओळख येथे करून देत आहे.

प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसांवरही हात टाकतो, ही समजूत जुनीच आहे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७५१ साली क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखविणारी चित्रमालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील टॉम नीरो पहिल्या चित्रात कुत्र्याचे हाल करतो, दुसऱ्यात गाडीच्या घोड्याला झोडपतो, तिसऱ्यात एका स्त्रीचा खून करतो. चौथ्या चित्रात फाशी गेलेल्या त्याच्याच देहाची चिरफाड चालली आहे. कुत्र्याला दगड मारणारा प्रत्येक मुलगा खुनी होतो असे मुळीच नाही. पण हा संबंध कितपत खरा आहे हे तपासायचे, तर हाताशी आकडे हवेत.

एफ. बी. आय. ही अमेरिकी संस्था १९३० पासून देशभरच्या पोलिसांकडून गुन्ह्यांचे आकडे गोळा करीत आली आहे. मात्र प्राण्यांवरील अत्याचार दीर्घकाळ 'इतर गुन्हे' या गाठोड्यात पडून होते. प्राणिमित्र संस्था व शेरीफांची संघटना यांच्या प्रयत्नांना २०१४ साली यश आले, आणि १ जानेवारी २०१६ पासून या गुन्ह्याला स्वतंत्र रकाना मिळाला. त्याचे चार प्रकार केले आहेत : उपेक्षा, हेतुपुरस्सर छळ, कुत्र्यांच्या किंवा कोंबड्यांच्या झुंजींसारखे संघटित अत्याचार, आणि लैंगिक अत्याचार. प्रत्येक घटनेचा दिवस, वेळ, स्थळ, अटक झालेल्याचे वय आणि त्याच घटनेतील अन्य गुन्हेही त्यात नोंदता येतात. घरात पत्नीला मारहाण झाली आणि त्याच वेळी कुत्र्याचाही पाय मोडला, तर या दोन्ही गोष्टी आता एकाच नोंदीत येऊ शकतात.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ही राष्ट्रीय नोंद आकड्यांची आहे, नावांची नव्हे. तिच्यावरून विशिष्ट माणसाचा माग लागत नाही. त्यासाठी काही ठिकाणी निराळी यादी ठेवतात. न्यूयॉर्क राज्यातील सफोक परगण्याने २०१० साली तसा कायदा केला. टेनेसी राज्यात २०१६ पासून गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची नावे छायाचित्रांसह सर्वांना पाहता येतात. अशा माणसाच्या हाती पुन्हा जनावर पडू नये, हा तिचा हेतू.

आक्षेपही आहेत. शिक्षा भोगून झाल्यावरही माणसावर शिक्का राहावा काय? शिवाय राज्याची सीमा ओलांडली की यादी निरुपयोगी ठरते. आकड्यांचीही कथा फार वेगळी नाही. २०२१ पासून ही तपशीलवार पद्धत सर्व देशाला लागू झाली, तरी त्या वर्षी कित्येक मोठ्या शहरांच्या पोलिसांकडून आकडे आलेच नाहीत. वही कितीही चांगली असली तरी तीत लिहिणारा हात हवा!

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडला, तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, हे खरेच. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की पहिला गुन्हा कोठे लिहिलेलाच नसेल, तर दुसरा हा 'दुसरा' आहे हे न्यायालयाने कशावरून ओळखावे? नोंदीवाचून ते कलम पांगळेच राहणार.

आणि नोंदीचा आरंभ पोलीस ठाण्यात होत नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होतो. रस्त्यात लंगड्या बैलावर आसूड उडताना पाहून आपण क्षणभर हळहळतो आणि तासाची घंटा झाली म्हणून पुढे जातो. त्या बैलाची फिर्याद कोणी लिहायची? ज्याला लिहिता येते त्याने.