धनंजय मानेला माफी, लखोबाला पिंजरा

कुळगावात भाड्याने जागा शोधणाऱ्या एकट्या पोराला पहिला प्रश्न आजही तोच येतो: "फॅमिली आहे का?" इथून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. तरी मुंबईत परवडत नाही म्हणून माणसं येतात, डिपॉझिट भरतात, अकरा महिन्यांचा करार करतात आणि पहाटेची लोकल गाठतात. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. दहा वर्षांत ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. अशा गावाला 'अशी ही बनवाबनवी' जवळचा वाटावा यात नवल नाही. तो सिनेमा मुळात जागेच्या टंचाईचाच आहे.

सप्टेंबर १९८८ मध्ये आलेला हा चित्रपट सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केला, संवाद वसंत सबनीसांचे. कथेचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'मध्ये. पण नुसती कथा ऐकली तर अशोक सराफांचा धनंजय माने हा काही भला माणूस वाटत नाही. घरमालक सरपोतदारांकडून मधुमेहाच्या औषधासाठी तो सत्तर रुपये घेतो. औषध इस्राईलहून यायचं असतं, ते कधीच येत नाही. सरपोतदार विचारतात तेव्हा माने दुखवट्याचा चेहरा करून सांगतो, की औषध आणणारा मित्र वारला. आणि रुपये? तेही त्याच्याबरोबरच वारले! आजारी माणसाला औषधाच्या नावाने गंडवल्याची ही गोष्ट पोलीस चौकीत सांगितली, तर कुणाला हसू येणार नाही. पुढे हाच माने दोन मित्रांना साड्या नेसवून नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या घरात घुसतो.

तरी पस्तीसहून अधिक वर्षं झाली, लोक मानेवर जीव टाकतात.

कारण लबाडीच्या आधी सिनेमा त्याची अडचण दाखवतो. धाकटा भाऊ शिकायला आलेला, दोन मित्र आसऱ्याला आलेले, डोक्यावरचं छप्पर गेलेलं. माने एकट्यासाठी खोटं बोलत नाही. आणि ज्यांना तो फसवतो, ते त्याच्यापेक्षा वरचढ आहेत. किल्ली त्यांच्या हातात आहे. सरपोतदार या पोरांना घराबाहेर काढतातच. सुधीर जोशींनी ते इतक्या लोभस चिडचिडीने रंगवलेत की सत्तर रुपये बुडाल्याने त्यांचं फार काही बिघडलं, असं वाटतच नाही. शिवाय थापेची किंमत थापाड्यांनाच मोजावी लागते. साडी नेसून पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना डोहाळजेवणाला बसावं लागतं, आणि मानेला जी माधुरी आवडते तिच्यापुढे मनातलं बोलायची चोरी होते.

आता याच मानेचा स्वतःचा बंगला आहे आणि तो निव्वळ मजा म्हणून लीलाबाईंना फसवतोय, असं समजा. संवाद तेच, साड्या त्याच. पण सिनेमा अर्ध्या तासात बसेल. गंभीर नाटकात नायक नावडता असला तरी चालतं. प्रेक्षक त्याच्याकडे लांबून बघू शकतो. विनोदात ही सोय नाही. हसलो की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. माणूस पटला नाही तर पाय उचलत नाही, आणि मग विनोद कितीही चांगला असो, तो कोरडाच पडतो.

आचार्य अत्र्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९६२ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'तो मी नव्हेच'मधला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे वेष बदलून बायकांना लग्नात फसवतो. प्रभाकर पणशीकरांच्या लखोबाच्या बेडर उत्तरांना प्रेक्षागृह खदखदून हसत असे. पण अत्र्यांनी त्याला पहिल्यापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि फसवल्या गेलेल्यांना साक्षीला आणलं. त्यांचं दुःख कुठेही थट्टेवारी नेलं नाही. त्यामुळे प्रेक्षक लखोबाच्या चलाखीला दाद देऊ शकला, त्याच्या बाजूला न जाता. हाच लखोबा लग्नाळू नायक म्हणून पुढे आला असता, तर ते नाटक बघवलं नसतं.

मार्टिन स्कॉर्सेसींच्या 'द किंग ऑफ कॉमेडी'त पिंजऱ्याची ही ढाल नाही. रॉबर्ट डी नीरोंचा रूपर्ट पपकिन प्रसिद्धीसाठी एका नामवंत विनोदवीराचं अपहरण करतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो चित्रपट तिकीटबारीवर सपशेल आपटला. जाणकारांनी पुढे त्याला डोक्यावर घेतलं. ती दाद योग्यच आहे. पण हसायला आलेल्या माणसाला पपकिनशेजारी दोन तास बसवत नाही, हेही तितकंच खरं.

दादा कोंडक्यांचा मार्ग वेगळा होता. 'सोंगाड्या'तला (१९७१) नाम्या इतका भोळा, आईच्या धाकातला, की त्याच्या तोंडचा चावट शब्दही प्रेक्षक पोटात घालतो. तोच शब्द एखाद्या माजोरड्या, पैसेवाल्या नायकाच्या तोंडी दिला की अंगावर येतो. अलीकडच्या कितीतरी विनोदी चित्रपटांत नायक वॉचमनला झापतो, मित्राच्या तोतरेपणाची नक्कल करतो, बायकोच्या जाडीवर बोलतो, आणि पार्श्वसंगीत मात्र हसा म्हणून सांगत राहतं. समोर बसलेल्यांत कुणी स्वतः वॉचमन असतो, कुणाचा मुलगा तोतरा बोलतो. मानेने कधी आपल्याहून दुबळ्या माणसाचे सत्तर रुपये बुडवले नव्हते.